मीठ मोजून खा!

(विहाराच्या वर्षावास प्रवचनमालेत केलेले भाषण)



या मालिकेत आतापर्यंत धम्मावर, इतिहासावर, मुलांच्या शिक्षणावर चांगली व्याख्याने झाली. समितीने माझ्यावर आरोग्याचा विषय सोपवला. मी डॉक्टर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तीस वर्षे काढलेला कामगार आहे. शाळा दहावीला सुटली, पण वाचायची सवय सुटली नाही. जे वाचले, त्यातले जे कळले नाही ते जाणकार डॉक्टरांना विचारून घेतले. आज बोलणार आहे ते तेवढ्याच आधारावर. विषय अगदी साधा आहे, आपल्या प्रत्येकाच्या चुलीजवळ बरणीत ठेवलेला. विषय आहे मीठ.

काही मंडळी हसतील. म्हणतील, एवढ्या मोठ्या विहारात, एवढ्या लोकांना बोलावून हा माणूस मिठावर काय बोलणार? पण बंधूंनो, आपल्या वस्तीतल्या गेल्या काही वर्षांतल्या मयतींचा हिशेब मनातल्या मनात करून पाहा. किती माणसं लकव्याने गेली? किती जण छातीत कळ येऊन गेले? किती जणांच्या किडन्या बिघडल्या आणि डायलिसिसपायी घरातले किडुकमिडुक विकावे लागले? यातली बरीच माणसं पन्नाशीच्या आत-बाहेरची, कमावती होती. पोरांच्या शिक्षणासाठी जमवलेला पैसा दवाखान्यात गेला. या रोगांना तंबाखू, दारू, साखर, काळजी अशी अनेक कारणे आहेत. पण त्या कारणांमध्ये मीठ हे असे कारण आहे, जे आपण उद्या सकाळपासून आपल्या हाताने कमी करू शकतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. म्हणून हा विषय.

आपल्या समाजाचे आणि मिठाचे नाते जुने आहे. ‘ज्याचं मीठ खावं त्याला जागावं’ असे सांगून सांगून आपल्या वाडवडलांना पिढ्यान्पिढ्या राबवून घेतले. येसकरकीची शिळी भाकरी घरात यायची. ती घशाखाली उतरायची तर सोबत काय असायचे? मीठ आणि मिरची. कालवण नसायचे, डाळ नसायची, म्हणून मिठाने तोंडाला पाणी आणायचे आणि भाकरी ढकलायची. मांस मिळाले तर एका दिवसात संपवता येत नाही, म्हणून त्याच्या चान्या करून वाळवायच्या. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितले आणि आपल्या लोकांनी ते ऐकले. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या घरांतल्या या खाण्याची सगळी हकीकत आली आहे. तरुणांनी ते जरूर वाचावे.

सांगायचा मुद्दा असा की, आपल्या आज्या-पणज्यांच्या ताटात मीठ पुढे आले ते गरिबीमुळे. आज ताटात डाळ आहे, भाजी आहे, रविवारी मटण आहे. परिस्थिती बदलली, पण जीभ मात्र तीच राहिली. आणि आता त्या जिभेला मदत करायला बाजार बसला आहे. फरसाण, वेफर्स, पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पुड्या, दोन मिनिटांच्या शेवया, त्याच्यासोबतची मसाल्याची पुडी, सॉस, लोणचे, पापड, वडापावसोबतची तळलेली खारी मिरची. आजीच्या हातात मीठ-मिरची होती, नातवाच्या हातात पुडी आहे.

आता आकडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, शीग न लावता. यात स्वयंपाकातले, वरून घेतलेले, बाहेर खाल्लेले सगळे मीठ आले. लहान मुलांना त्याहून कमी. आणि आपण किती खातो? देशपातळीवर झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात भारतातला मोठा माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो असे आढळले. पुरुष जवळजवळ ९ ग्रॅम, बायका ७ ग्रॅमच्या थोड्या वर. म्हणजे त्या मर्यादेच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील दर शंभर पुरुषांत २४ आणि दर शंभर बायकांत २१ जणांना रक्तदाबाचा त्रास आढळला. या सभागृहात दोनशे माणसं बसली असतील, तर चाळीसपेक्षा जास्त लोक त्यात आले. त्यातल्या कित्येकांना स्वतःला ते माहीतही नसेल, कारण बीपी दुखत नाही, खुपत नाही.

मीठ शरीरात जाऊन करते काय, ते आता पाहू. मिठातला मुख्य घटक सोडियम. तो पाण्याला धरून ठेवतो. जास्त मीठ पोटात गेले की तहान लागते, आपण पाणी पितो, आणि ते जादा मीठ किडनीने बाहेर टाकेपर्यंत पाणी रक्तात राहते. नळी तेवढीच, पाणी जास्त, मग दाब वाढणारच. हृदयाला तो वाढलेला भार रोज रोज ढकलावा लागतो आणि त्याची भिंत जाड होत जाते.

पण एवढ्यावर भागत नाही. गिरणीतल्या मंडळींना कॉम्प्रेसरच्या हवेचा रबरी पाईप माहीत आहे. नवा असताना तो मऊ असतो, दाब आला की थोडा फुगतो, दाब गेला की पूर्ववत होतो. जुना झाला की कडक होतो आणि एक दिवस चिरतो. आपल्या रक्तवाहिन्या तशाच. त्यांना आतून एक अगदी पातळ, जिवंत अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू तयार करते, आणि तो वाहिनीला सांगतो की सैल हो, रक्ताला वाट दे. या शोधाबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जास्त मिठामुळे या अस्तराचे काम मंदावते, तो वायू कमी पडतो, वाहिनी हवी तेवढी सैल होत नाही आणि हळूहळू कडक बनते. विशेष म्हणजे ज्यांचा रक्तदाब मापात आहे अशा माणसांतही हे घडताना दिसले आहे. म्हणून ‘माझं बीपी नॉर्मल आहे, मला मिठाचं काय?’ असे कोणी म्हणू नये.

ही कडक झालेली वाहिनी मेंदूत फुटली किंवा तुंबली की लकवा, हृदयाची तुंबली की झटका, किडनीतल्या बारीक वाहिन्या खराब झाल्या की डायलिसिस. आजार तीन दिसतात, पण त्यांच्या मुळाशी पुष्कळदा बिघडलेली रक्तवाहिनीच असते.

आता रोगप्रतिकारशक्तीचे सांगतो. हा विषय नवा आहे. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरचा जंतू घरात शिरला की त्याला पकडून संपवायचे हे त्यांचे काम. आपल्या समता सैनिक दलासारख्या त्या सदैव पहाऱ्यावर असतात. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना त्यांच्या नेहमीच्या जेवणावर रोज ६ ग्रॅम मीठ जादा दिले. बाहेरचे दोन वेळचे बर्गर-बटाट्याचे जेवण केले तर एवढे मीठ सहज पोटात जाते. एका आठवड्यानंतर त्यांचे रक्त तपासले, तर जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी आधीपेक्षा फारच ढिल्या पडल्या होत्या. उंदरांना जास्त मीठ देऊन जंतुसंसर्ग केला, तेव्हा त्यांच्या यकृतात आणि प्लीहेत शंभर ते हजार पट जास्त जंतू सापडले.

असे का झाले? किडनी जादा मीठ बाहेर टाकायच्या धडपडीला लागली की शरीरातल्या हार्मोनचा तोल बदलतो आणि स्टेरॉईडच्या जातीचे हार्मोन साचते. डॉक्टर सूज कमी करायला स्टेरॉईडची गोळी देतात आणि बजावतात की याने प्रतिकारशक्ती दबते. तोच प्रकार इथे आतल्या आत घडतो. पहारेकरी जागेवर असतो, पण पेंगलेला.

दुसरी बाजूही पाहा. २०१३ साली शास्त्रज्ञांना दिसले की जादा मिठामुळे काही ठरावीक पांढऱ्या पेशी उलट जास्त चवताळतात आणि सूज वाढवतात. २०१७ साली आढळले की जादा मिठाने आतड्यातले काही उपयोगी जंतू कमी होतात, त्याच वेळी या चवताळलेल्या पेशी वाढतात आणि रक्तदाबही वर जातो. म्हणजे चोराला पकडणारा शिपाई झोपतो आणि घरातल्यांवरच लाठी चालवणारा शिपाई जागा होतो. ही सूज पुन्हा रक्तवाहिनीच्या अस्तरालाच बाधते. म्हणून प्रतिकारशक्ती आणि रक्तवाहिनी हे दोन वेगळे विषय नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपण विज्ञान मानणारे लोक आहोत, फुगवून सांगणारे नाही. माणसांवरचे प्रतिकारशक्तीचे हे प्रयोग छोटे आहेत. मीठ कमी केले म्हणजे टीबी होणार नाही, सर्दी-ताप येणार नाही, असा अर्थ कोणी काढू नये. टीबीला औषध आहे, ते पूर्ण घेतलेच पाहिजे. पण मीठ आणि रक्तदाब यांचा पुरावा मात्र फार मोठा आणि जुना आहे. १९८८ साली ३२ देशांतल्या दहा हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी आदिवासी होते. त्यांच्या खाण्यात वरून घातलेले मीठ जवळजवळ नसतेच. त्यांचा रक्तदाब कमी होता आणि वय वाढले तरी तो वाढत नव्हता. आपल्याकडे म्हणतात, ‘वय झालं की बीपी होणारच.’ त्या लोकांनी हे खोटे ठरवले.

चीनमधल्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार माणसांवर एक मोठा प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसं आधी लकवा होऊन गेलेली, नाहीतर साठीपुढची बीपीवाली. निम्म्या गावांत नेहमीचे मीठ, निम्म्या गावांत सोडियम कमी करून त्यात पोटॅशियम मिसळलेले मीठ दिले. जवळजवळ पाच वर्षे पाहिले. दुसऱ्या गावांत लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. बाकी काहीच बदलले नव्हते, फक्त मिठाची बरणी बदलली होती!

ते मीठ आपल्याकडेही बाजारात मिळते. पण सावध राहा. ज्यांना किडनीचा आजार आहे, किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांना जादा पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. आणि ‘सैंधव खाल्लं तर चालतं’, ‘काळं मीठ औषधी असतं’ हा गैरसमज काढून टाका. सैंधव काय, काळे काय, समुद्राचे काय, सगळ्यांत मुख्यतः सोडियमच. रोजच्या वापराला आयोडीनयुक्त मीठच ठेवा, फक्त ते कमी वापरा.

आता माझ्या कामगार बंधूंसाठी. आपल्या खात्यात सूत तुटू नये म्हणून हवेत ओल ठेवतात. उकाडा असतो, घाम निथळतो. म्हणून आपल्यात समज आहे की घामातून मीठ जाते, तेव्हा मीठ जास्त खाल्ले पाहिजे. डब्यात खारी मिरची, मिठाची पुडी, ताकात मीठ. पण रोज उकाड्यात काम करणाऱ्याचे शरीर शहाणे असते. ते काही दिवसांतच घामातले मीठ वाचवायला शिकते. घामात पाणी जास्त आणि मीठ थोडे जाते, आणि ते नेहमीच्या जेवणातून भरून निघते. कामावर गरज असते ती साध्या पाण्याची. जुलाब-उलट्या झाल्या, ऊन लागले, तर गोष्ट वेगळी. तिथे मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे ओआरएस, दिलेच पाहिजे. ते औषध आहे. रोजच्या डब्यातली पुडी हे औषध नव्हे.

आमच्या रात्रपाळीतला एक सहकारी, वय ४८. मशीनवर उभा असताना एका बाजूने तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला. घरच्यांनी त्याला आधी गावाकडे नेले, ‘वारं गेलं’ म्हणून. अंगारा झाला, मंत्राचे पाणी झाले, मालिश झाले. दवाखान्यात पोचला तिसऱ्या दिवशी. आज तो खाटेवर आहे आणि त्याची बायको चार घरची धुणीभांडी करते. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. म्हणून ध्यानात ठेवा: तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली, की देवऋषी नाही, मालिश नाही, सरळ मोठे हॉस्पिटल गाठायचे. ‘नशिबात होतं’, ‘मागच्या जन्मीचं भोगतोय’ हे शब्द या विहारात शोभत नाहीत. प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख कमी होते, हे आपल्याला तथागतांनी शिकवले आहे. इथले कारण बरणीत आहे.

मग करायचे काय? पहिले काम, मोजायचे. मिठाची नवी पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. घरात चार माणसं आहेत आणि एक किलोची पुडी महिनाभर पुरली, तर माणशी रोज साधारण सव्वाआठ ग्रॅम झाले. पाच माणसं आणि पुडी वीस दिवसांत संपली, तर माणशी १० ग्रॅम. थोडे मीठ सांडते, वाया जाते, हे खरे. पण बाहेरचे खाणे यात धरलेलेच नाही. चार माणसांच्या घरात एक किलोची पुडी पन्नास दिवस पुरली पाहिजे, हे आपले उद्दिष्ट.

दुसरे, पाकीट वाचायचे. आपली पोरं इंग्रजी वाचतात, त्यांना हे काम द्या. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे असे समजा. पापडखार, खायचा सोडा, अजिनोमोटो यांतही सोडियम असते. ब्रेड आणि बिस्किटे खारट लागत नाहीत, पण त्यांतही असते.

तिसरे, चुलीजवळचे काम. भातात आणि भाकरीच्या पिठात मीठ नको, कालवणात असतेच. ताटात मीठ वाढायची पद्धत बंद. खारवलेली मासळी आणली तर भिजवून ते पाणी टाकून द्या. लिंबू, चिंच, आमसूल, लसूण, जिरे, कोथिंबीर यांनी चव आणा. पालेभाज्या, शेवगा, डाळी, केळी यांतले पोटॅशियम मिठाचा जोर कमी करते.

आणि पुरुष मंडळींना हात जोडून सांगतो. ताटावर बसून ‘भाजीत मीठ नाही’ म्हणून बायकोवर, सुनेवर ओरडायचे बंद करा. आपल्या ओरडण्याच्या भीतीने ती माऊली रोज चिमूटभर जास्त घालते. मीठ कमी करायचे ते एकट्या बाईचे काम नाही, घराने मिळून ठरवायचे आहे.

एकदम कमी करू नका, जीभ बंड करते. कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो इतका खायचा की धापा टाकत बुद्धांसमोर यायचा. बुद्धांनी त्याला जेवणात मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्याला म्हणून दाखवायला सांगितली. राजाने खाणे हळूहळू कमी केले आणि त्याचे अंग हलके झाले. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, हळूहळू. दर आठवड्याला थोडे कमी केले, तर काही आठवड्यांत जीभ नव्या चवीला रुळते आणि जुने जेवण खारट लागायला लागते. दुसरी, जवळ आठवण करून देणारे कोणीतरी हवे. प्रत्येक घरातल्या मुला-मुलीने सुदस्सन व्हावे.

शेवटी विहार समितीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, विहारातल्या भोजनदानात मीठ बेताचे असावे आणि पंगतीत मीठ वाढू नये. दोन, समितीने रक्तदाब मोजायचे यंत्र घ्यावे आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब मोजून वहीत नोंद ठेवावी. आपल्यातल्या परिचारिका झालेल्या मुली हे काम आनंदाने करतील. तीन, ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी ‘बरं वाटतं’ म्हणून त्या बंद करू नयेत, यावर महिला मंडळाने घरोघर लक्ष ठेवावे. मीठ कमी करणे हे गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या ऐवजी नाही.

बंधू-भगिनींनो, एकेकाळी दुसऱ्याच्या मिठाला जागायला आपल्याला भाग पाडले. आज मीठ आपले आहे, बरणी आपली आहे, चमचाही आपल्याच हातात आहे. तो किती भरायचा हे आता आपण ठरवायचे आहे. 

नमो बुद्धाय! जयभीम!